दुबईला नवऱ्याकडे जायला एजंटने ५२ हजार सांगितलेत, एक्झिट परमिट आणि मेडिकल फी खरंच असते का?

कळंब्याची_मीरा

नमस्कार, इथे बरेच जण गल्फला राहून आलेले आहेत म्हणून विचारतेय. माझं लग्न मे महिन्यात झालं, मिस्टर दुबईला जेबेल अलीला एका लॉजिस्टिक कंपनीत आहेत, पगार साडेसहा हजार दिरहम. मी सध्या माहेरी, कळंब्याला. आता ते माझा फॅमिली व्हिसा काढणार आहेत. सासर गडहिंग्लजकडचं, आणि सासऱ्यांच्या ओळखीतला एक एजंट आहे, गावातली बरीच पोरं त्याने गल्फला पाठवलीत, त्यामुळे घरात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याने वहीच्या पानावर खर्च लिहून दिलाय तो असा, एक्झिट परमिट १८ हजार, मेडिकल १४ हजार, पोलीस क्लिअरन्स ६ हजार आणि लग्नाच्या दाखल्याचं अटेस्टेशन (दाखला खरा असल्याचे सरकारी शिक्के) १४ हजार. एकूण ५२.

मिस्टर म्हणतात मेडिकल तर इकडं आल्यावर असतं, तिकडं कसलं मेडिकल, पण एजंट म्हणतो साहेबांना तिथलं माहीत आहे, इथलं नाही. मेन गोष्ट अशी की माझ्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, असं छापलेलं आहे. पासपोर्ट काढताना दहावीचं मार्कशीट लावलंच नव्हतं, आधार आणि बाकी कागदांवर निघाला. मी बीकॉम आहे पण त्याचा काही उपयोग नाही म्हणे, ईसीआर असला की एक्झिट परमिट कंपल्सरी, नाहीतर मुंबईला एअरपोर्टवरून सामानासकट परत पाठवतात, असं त्याने सासऱ्यांच्या डोक्यात भरवलंय.

आणि अजून एक, सासऱ्यांचं म्हणणं की कागदपत्राचा खर्च मुलीकडच्यांनी करायचा असतो. पप्पा देतील सुद्धा, ते काही बोलणारे नाहीत, पण गोकुळ शिरगावला कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला ५२ हजार म्हणजे काय ते मला माहीत आहे. खरंच लागत असतील तर देऊ, पण नक्की कशाचे देतोय ते तरी कळू दे. १० हजार ॲडव्हान्स सासऱ्यांनी देऊन टाकलाय, आणि पासपोर्ट पण त्याच्याकडेच आहे.

---

तांबडा_पांढरा

एक्झिट परमिट बिक्झिट परमिट काय नसतंय ताई. भारतीय माणसाला देशाबाहेर जायला सरकार असलं परमिट देत नाही. आधी तो पासपोर्ट काढून घ्या त्याच्याकडून, बाकीचं नंतर बोलू. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता, एजंटच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची वस्तू नव्हे.

---

जुमेराहून_परत

मी नऊ-दहा वर्षं दुबईत काढली, बायकोला दोन वेळा स्पॉन्सर केलंय (मध्ये ती बाळंतपणाला आली आणि सहा महिन्यांच्या वर राहिली त्यामुळे रेसिडेन्सी गेली, ते लक्षात ठेवा, १८० दिवसांच्या वर सलग बाहेर राहिलात की व्हिसा बाद होतो). तर तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे.

तिथली पद्धत अशी आहे की आधी नवरा तिथून तुमच्यासाठी एंट्री परमिट काढतो. ते ऑनलाइन येतं, पीडीएफ. त्यावर तुम्ही जायचं, आणि उतरल्यापासून ६० दिवसांत रेसिडेन्सीचं सगळं आटपायचं. मेडिकल त्या ६० दिवसांत, तिथल्या सरकारी मेडिकल फिटनेस सेंटरला. छातीचा एक्स-रे आणि रक्त, अठराच्या वरच्या सगळ्यांना. दिवस गेले असतील तर काउंटरवर आधीच सांगायचं, एक्स-रे काढत नाहीत. फी तीनशेच्या आसपास दिरहम, लवकर रिपोर्ट हवा असेल तर जास्त. ती नवरा तिथं कार्डाने भरतो. मग एमिरेट्स आयडीसाठी (तिथलं ओळखपत्र) बोटांचे ठसे वगैरे. कोल्हापुरात केलेलं मेडिकल त्या सेंटरवाल्याला दाखवलंत तर तो बघणार पण नाही, त्यामुळे ते १४ हजार कशाचे हे एजंटलाच माहीत. मनाच्या समाधानासाठी आधी छातीचा एक्स-रे काढून घ्यायचा असेल तर काढा, कोल्हापुरात कुठेही काही शेकड्यांत होतो, त्यासाठी एजंट कशाला.

पोलीस क्लिअरन्सही दुबईच्या बायकोच्या व्हिसाला मागत नाहीत. आणि ज्यांना लागतं त्यांना पासपोर्टच्या साइटवर अर्ज करून ५०० रुपयांत मिळतं. सहा हजार!

तुमच्या यादीतलं अटेस्टेशन तेवढं खरं आहे. लग्नाचा दाखला आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग यूएईच्या दूतावासाकडून अटेस्ट करून घ्यावा लागतो, आणि तिथं गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, तो १५० दिरहम. वर अरबी भाषांतर. यूएई अपॉस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा एकच आंतरराष्ट्रीय शिक्का) चालवून घेत नाही, त्यामुळे कुणी म्हणालं अपॉस्टिल करून आणलं की झालं तर ऐकू नका, पैसे फुकट जातील.

आता जरा वेगळं विचारतो, राग मानू नका. मिस्टर राहतात कुठे? बेडस्पेस (खोलीतली एक खाट भाड्याने) किंवा शेअरिंगमध्ये असतील तर आधी घर बघायला लागेल, कारण फॅमिली व्हिसाला भाड्याचा रजिस्टर केलेला करार लागतो, दुबईत त्याला इजारी म्हणतात, आणि तो त्यांच्या नावावर पाहिजे. पगाराची अट ४ हजार दिरहम, किंवा ३ हजार अधिक कंपनीची जागा, ती तर आरामात बसते. पण साडेसहा हजारात दुबईतलं घरभाडं... बरीच मराठी मंडळी शारजाला राहून रोज ट्रॅफिकमध्ये जातात ती काही हौस म्हणून नव्हे. शिवाय तुमचा हेल्थ इन्शुरन्स त्यांनीच काढायचा, तो दुबईत सक्तीचा आहे. खरा खर्च तिथं आहे. इथं एजंटवर ५२ घालवण्यापेक्षा ते पैसे घराच्या डिपॉझिटला जाऊ देत.

---

कळंब्याची_मीरा

दादा खूप खूप धन्यवाद. ते सध्या तिघांत शेअरिंगला आहेत, घराचं बघतायत असं म्हणाले होते पण हे इजारीचं मला माहीतच नव्हतं, आज विचारते. पण मेन टेन्शन ईसीआरचंच आहे हो. एजंट मोबाइलवर काहीतरी इंग्लिश पानं दाखवतो, त्यात एमिग्रेशन क्लिअरन्स असं खरंच लिहिलेलं आहे आणि यूएईचं नाव पण आहे यादीत.

---

सायबरवाला_राजारामपुरी

ते पान खरं आहे, वापर खोटा आहे. नीट सांगतो, माझा धंदाच फॉर्म भरायचा आहे, रोज पासपोर्टच्या अपॉइंटमेंटा काढतो.

१९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. त्यानुसार ज्याच्या पासपोर्टवर ईसीआर आहे त्याला ठराविक देशांत *नोकरीला* जायचं असेल तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याकडून मंजुरी लागते. देश अठरा, त्यात यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया वगैरे सगळे आहेत. मुंबईचं ते ऑफिस बीकेसीला विदेश भवनात. हा कायदा कमी शिकलेल्या कामगाराला तिकडं कुणी फसवू नये म्हणून आहे. आणि आता ऐका, त्या मंजुरीची सरकारी फी आहे २०० रुपये. सोबत प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो, १० लाखांचा, त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये. म्हणजे तुम्ही कामगार म्हणून जात असता तरी सगळं मिळून पाचशेच्या आसपास. १८ हजार कुठून आले ते त्यालाच विचारा.

आणि तुम्ही नोकरीला जातच नाही, नवऱ्याकडे जाताय. नोकरी सोडून इतर कारणाने जाणाऱ्या ईसीआरवाल्याला ही मंजुरी लागत नाही. आधी अशा लोकांना ईसीआर सस्पेन्शन नावाचा शिक्का घ्यावा लागायचा, तो ऑक्टोबर २००७ मध्ये बंद झाला. एजंट लोक अजून त्याच जमान्यात आहेत.

तरी पण एअरपोर्टवर ईसीआर पासपोर्टवाल्या तरुण बाईला जरा जास्त प्रश्न विचारतात हे खरं आहे, आणि त्याला कारण आहे. ईसीआरवाली बाई तिशीच्या आत असेल तर तिला या देशांत घरकाम वगैरेच्या नोकरीला जाऊ देत नाहीत, म्हणून मग व्हिजिटच्या किंवा फॅमिलीच्या नावाखाली मोलकरणी पाठवायचे धंदे चालतात. ऑफिसरला ते पकडायचं असतं. तुमच्याकडे लग्नाचा अटेस्ट केलेला दाखला, नवऱ्याच्या पासपोर्टची आणि एमिरेट्स आयडीची कॉपी, एंट्री परमिट असेल तर दोन प्रश्न विचारून सोडतील.

पण मी म्हणतो ती भानगडच कशाला ठेवायची? तुम्ही बीकॉम आहात, दहावी पास असलं तरी पुरतं, ईसीआर काढून टाका की. पासपोर्ट रि-इश्यूला टाकायचा, कारणात ईसीआर डिलीट सिलेक्ट करायचं, दहावीचं सर्टिफिकेट ओरिजिनल आणि झेरॉक्स घेऊन जायचं. फी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २ हजार. साध्या अर्जाला पुण्याला जायची पण गरज नाही, कोल्हापुरात पोस्टातलं पासपोर्ट केंद्र आहे. नवीन पासपोर्टवर नॉन-ईसीआर असा शिक्का शोधत बसू नका, तसा आता मारतच नाहीत, ईसीआर छापलेलं नसलं की झालं.

एक महत्त्वाचं: रि-इश्यू म्हणजे पासपोर्ट नंबर बदलणार. एंट्री परमिट पासपोर्ट नंबरवर निघतं. मिस्टरांनी जुन्या नंबरवर अर्ज टाकला आणि मग तुम्ही पासपोर्ट बदलला तर सगळं परत करायला लागेल. त्यांना सांगा थोडं थांबा.

---

कळंब्याची_मीरा

अगं बाई, ते पुढच्या आठवड्यात अर्ज टाकणार होते! आत्ताच व्हॉट्सॲप केला, थांबले. सायबरवाले दादा, तुमचे उपकार.

---

शाहूपुरीची_सून

मी सौदीला दम्मामला होते पाच वर्षं, त्यामुळे या एक्झिटच्या भानगडीचं मूळ सांगू शकते. सौदीत एक्झिट-रि-एंट्री नावाची गोष्ट खरोखर आहे. पण ती इथून जाताना नाही, तिथून येताना. नवऱ्याच्या इकाम्यावर (तिथं राहायचा परवाना) राहायला गेलात की सुट्टीला कोल्हापूरला यायचं तरी आधी एक्झिट-रि-एंट्री काढायला लागते, दोन महिन्यांपर्यंत २०० रियाल, पुढच्या प्रत्येक महिन्याला १०० रियाल जास्त. ते नवरा अब्शर ॲपवरून भरतो, पाच मिनिटांचं काम. कायमचं परत यायचं तर फायनल एक्झिट, त्याला फी नाही. या एजंट लोकांनी सौदीचं नाव उचललं, भारताच्या कायद्याला चिकटवलं आणि दुबईच्या गिऱ्हाईकाला लावलं.

सौदीला जाणाऱ्या बायकांनो, तिथली डिपेंडंट फी विसरू नका. २०१७ ला सुरू झाली तेव्हा माणशी महिना १०० रियाल होती, दरवर्षी वाढत २०२० ला ४०० झाली. बायको आणि दोन पोरं म्हणजे महिन्याला १२०० रियाल, आणि ती इकामा रिन्यू करताना आगाऊ भरायला लागते. आमच्या बिल्डिंगमधल्या कितीतरी फॅमिली त्यापायी गावी परतल्या, नवरे तिथंच बॅचलर. लग्न ठरवताना मुलाचा पगार विचारतात, हे कुणीच विचारत नाही.

---

बिनधास्त_बावडेकर

एजंट लोकांना एवढं झोडपू नका राव. माझा मावसभाऊ हेच काम करतो (तो नाही हा, कागलचा आहे). अटेस्टेशन म्हणजे मंत्रालय, मग पुढचे दोन टप्पे, गडहिंग्लजच्या माणसाने स्वतः करायचं म्हटलं तर रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबई, तिथं एक शिक्का कमी म्हणून परत, दोन दिवस लॉज, सगळा हिशोब घाला. त्या कामाचे कुणी चार पैसे घेतले तर ते कष्टाचे आहेत. दूतावासाची फी काही कमी नसते. १४ हजार जास्त वाटतात, पण ती लूट आहे असं मी म्हणणार नाही, घासाघीस करा.

---

तांबडा_पांढरा

अटेस्टेशनबद्दल कोण बोलतंय भावा. १८ अधिक १४ अधिक ६, हे ३८ हजार हवेतले आहेत त्याबद्दल बोल.

---

बिनधास्त_बावडेकर

त्याबद्दल काय बोलणार, ते हवेतलेच आहेत 😅

---

न्यूजर्सीची_सासू

आमच्या सुनेला अमेरिकेला पाठवताना आम्हालाही एकाने इमिग्रेशन फी, मेडिकल फी म्हणून लाखाच्या घरात आकडा सांगितला होता. मुलगा सिटिझन आहे. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते, दुबईपेक्षा हे बरंच वेगळं आहे.

तिथं आधी मुलाने आय-१३० नावाचा अर्ज भरला, ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर भरला तर ६७५. तो मंजूर व्हायला बराच काळ गेला, रोज फोन, काय झालं काय झालं. मग केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेली, तिथं दोन फिया, व्हिसाची ३२५ आणि मुलाच्या हमीपत्राची १२० डॉलर. आता गंमत बघा, या दोन फिया अमेरिकेतल्या बँकेच्या खात्यातूनच भरता येतात, इथल्या खात्यातून भरायची सोयच नाही. मग कोल्हापुरातला एजंट त्या फीचे पैसे माझ्याकडून रोख घेऊन काय करणार होता? मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला आमचा माणूस आहे तिकडं. मी म्हटलं आमचा पण आहे, माझा मुलगाच आहे.

मेडिकल इथं असतं हे खरं. पण ते अमेरिकन कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करायचं, आम्ही मुंबईला केलं, फी त्या हॉस्पिटलच्या काउंटरवर भरली आणि तिथल्या तिथे पावती. इंटरव्ह्यूची तारीख आल्यावरच जायचं, उगीच आधी करू नका, कारण मेडिकलची मुदत साधारण सहा महिने असते आणि व्हिसाची मुदत त्यालाच बांधलेली असते. लहानपणीच्या लसींचं कार्ड असेल तर न्या, आमच्या सुनेचं सापडेना, मग गोवर, कांजिण्या, धनुर्वात सगळ्याच्या लसी परत टोचल्या आणि त्याचे वेगळे पैसे.

एक मात्र कुणी सांगत नाही. एक्स-रेमध्ये डाग दिसला तर थुंकी तपासायला घेतात आणि त्यात टीबीचे जंतू वाढतात का ते बघायला ते कल्चर आठ आठवडे ठेवतात. सुनेच्या वर्गातल्या मुलीचं तसं झालं, तिने तिकीट आधीच काढलं होतं, नोकरी सोडली होती. लहानपणी टीबी झाला असेल, औषधं घेतली असतील तर जुने कागद आणि जुना एक्स-रे शोधून ठेवा, लपवू नका. आणि पोलीस क्लिअरन्स अमेरिकेला लागतंच, पाचशे रुपयांतलं तेच. व्हिसा हातात आल्यावर ग्रीन कार्डासाठी अजून २३५ डॉलर ऑनलाइन, ते विमानात बसायच्या आधी भरलेले बरे. भरायच्या दिवशी सगळे आकडे त्यांच्या साइटवर परत बघा, दर बदलत राहतात.

---

लंडनचा_पैलवान

यूके वाल्यांना: मेडिकल म्हणजे फक्त टीबी टेस्ट, त्यांच्या यादीतल्या क्लिनिकमध्येच, सर्टिफिकेट सहा महिने चालतं. ते स्वस्त आहे. मारतो तो हेल्थ सरचार्ज, वर्षाला १०३५ पौंड, बाहेरून अर्ज केला की स्पाउस व्हिसा ३३ महिन्यांचा म्हणून एकदम ३१०५ पौंड आगाऊ, व्हिसा फी वेगळीच. आणि २०२४ च्या एप्रिलपासून स्पॉन्सरचं उत्पन्न २९ हजार पौंड पाहिजे. सगळं सरकारच्या साइटवर कार्डाने भरायचं, रोख कुठेच नाही.

---

गडहिंग्लजच्या_काकी

मीरा, बाकीच्यांनी कायदा सांगितला, मी घरातलं सांगते. सासऱ्यांना तोंडावर फसवलं फसवलं म्हणू नकोस. त्यांनी गावात शब्द टाकलेला असतो, दहा हजार दिलेत, आता सुनेनं आणि तिच्या माहेरच्यांनी चूक काढली असं झालं की ते एजंटच्याच बाजूनं उभे राहतील, आमच्याकडची माणसं अशीच. त्यापेक्षा त्यांनाच पुढं कर. म्हणावं मामंजी, तुमचा शब्द आहे म्हणून पप्पा पैसे द्यायला तयार आहेत, फक्त प्रत्येक रकमेची पावती कुठल्या ऑफिसची मिळणार ते तुम्ही त्याला विचारून घ्या, यांना तिकडं कंपनीत दाखवायला लागते. मग बघ तो काय उत्तर देतो. पासपोर्ट पण त्यांनाच आणायला सांग, यांना फोटो पाठवायचा आहे म्हणून.

आणि माहेरचा खर्च, सासरचा खर्च हे तू बोलू नकोस, नवऱ्याला बोलू दे. बायको त्याची, व्हिसा त्याच्या पगारावर निघणार, सरकार पण त्यालाच स्पॉन्सर म्हणतंय. त्यानं एक फोन वडलांना केला की मिटतंय.

---

कळंब्याची_मीरा

काकी तुम्ही म्हणालात तसंच केलं, आणि सांगायला आले. मामंजी स्वतः गेले होते त्याच्याकडे. पावतीचं विचारल्यावर आधी म्हणाला पावती व्हिसा झाल्यावर मिळेल. मग मामंजींनी विचारलं कुठल्या ऑफिसची, तर म्हणाला आमचीच. मेडिकल कुठल्या दवाखान्यात तर म्हणे ते आमचं आम्ही मॅनेज करतो, सुनबाईंना यायची पण गरज नाही. तिथं मामंजींचं टाळकं फिरलं. ज्याचं मेडिकल त्यानंच यायचं नाही म्हणजे काय, रक्त काय तू तुझं देणार काय, असं सगळ्यांसमोर बोलून आले म्हणे. पासपोर्ट घेऊनच घरी आले.

ॲडव्हान्स परत द्यायला तो तयार नाही. मग असं ठरलं की त्या दहा हजारांत त्यानं फक्त लग्नाच्या दाखल्याचं अटेस्टेशन करून द्यायचं, फी आणि त्याची मजुरी धरून, आणि प्रत्येक टप्प्याला शिक्क्याचा फोटो मामंजींच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. वर एक रुपया नाही. मिस्टरांनीही फोन केला होता, पप्पांच्या पैशाचा विषय परत निघाला नाही. शारजाला एक घर बघितलंय त्यांनी, करार त्यांच्या नावावर करून देतो म्हणालाय मालक. शारजाचा करार चालतो का?

आणि सायबरवाले दादा, पासपोर्टची अपॉइंटमेंट घेतेय, पण दहावीचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं आहे, आणि पासपोर्ट पण माहेरच्याच नावाचा. नाव बदलून घेऊ का आत्ताच, एका फेरीत?

---

जुमेराहून_परत

शारजाचा करार चालतो, तिथल्या म्युनिसिपालिटीत अटेस्ट केलेला पाहिजे. व्हिसा त्यांच्या कंपनीच्या एमिरेटमधून (दुबई, शारजा ही यूएईची राज्यं) आहे का ते बघून कंपनीच्या पीआरओला (व्हिसाचे कागद बघणारा माणूस) आधी विचारून घ्या, त्याला हे सगळं पाठ असतं आणि त्याचं काम फुकट आहे.

---

सायबरवाला_राजारामपुरी

नाव बदलू नका आत्ता. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, दहावीचं माहेरच्या नावाचं, दोन्ही जुळतंय, ईसीआर डिलीट सरळ होईल. नाव बदलायला गेलात की लग्नाचे कागद लागणार आणि दाखला तर अटेस्टेशनला मुंबईला चाललाय. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा काही नियमही नाही. नवरा-बायकोचं नातं तिकडं अटेस्ट केलेल्या दाखल्यावरून धरतात. फक्त दाखल्यावर तुमचं लग्नाआधीचं नाव पासपोर्टसारखंच, स्पेलिंगसकट आहे ना ते आजच बघा, आणि नसेल तर मुंबईला पाठवायच्या आधी दुरुस्त करून घ्या. शिक्के पडल्यावर एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी सगळं पहिल्यापासून.

---

कळंब्याची_मीरा

बघितलं. पासपोर्टवर वडिलांच्या नावात डबल ए आहे, दाखल्यावर सिंगल ए. एजंटला फोन करून थांबवलंय, उद्या महानगरपालिकेत जाते.